हिरवा सरदार ठाण्यात कसा उभा करावा? गॉवेनच्या दंतकथेवरील लघुपटासाठी सल्ला हवा

कथेकरीण (ठाणे पश्चिम)

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा एकांकिकेऐवजी सुमारे २५ मिनिटांचा मराठी लघुपट करायचे ठरवले आहे, आणि बऱ्याच वादावादीनंतर आर्थर राजाच्या दरबारातील गॉवेन व हिरवा सरदार ही चौदाव्या शतकातील इंग्रजी काव्यकथा निवडली आहे. ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

नववर्षाच्या मेजवानीला दरबार भरलेला असताना आपादमस्तक हिरवा असा एक धिप्पाड सरदार हिरव्याच घोड्यावरून थेट दालनात शिरतो. त्याच्या एका हातात हॉली या सदाहरित झाडाची डहाळी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड असते. माझ्यावर कोणीही एक घाव घालावा आणि एक वर्ष व एक दिवस उलटल्यावर तसाच घाव माझ्याकडून घ्यावा, अशी पैज तो लावतो. राजाचा भाचा गॉवेन उठतो आणि त्याचे शिर उडवतो. सरदार मात्र खाली कोसळत नाही; तो आपले शिर उचलतो, केसांना धरून वर करतो, आणि ते शिरच गॉवेनला हिरव्या चॅपलपाशी, म्हणजे एका छोट्या प्रार्थनास्थळापाशी, हजर राहायला बजावते. वर्ष सरत आल्यावर गॉवेन निघतो आणि वाटेत एका गढीत मुक्काम करतो, तेव्हा तेथील यजमान त्याच्याशी आणखी एक करार करतो: दिवसभरात ज्याला जे लाभेल ते त्याने संध्याकाळी दुसऱ्याला द्यावे. यजमान तीन दिवस अनुक्रमे हरणे, रानडुक्कर आणि कोल्हा आणून देतो. गॉवेन यजमानीणबाईंकडून मिळालेली चुंबने इमानाने यजमानाला परत करतो, पण प्राण वाचवणारा म्हणून तिने दिलेला हिरवा पट्टा तेवढा लपवतो. शेवटी त्याच्या मानेवर तीन वेळा कुऱ्हाड उगारली जाते आणि तिसऱ्या वेळी ती कातडीला चाटून जाते. ती जखम म्हणजे पट्टा लपवल्याची शिक्षा असते, कारण यजमान आणि हिरवा सरदार एकच.

आमच्यात दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की आजच्या प्रेक्षकाला तुटलेले शिर बोलताना पटणार नाही, म्हणून तो प्रसंग गॉवेनला पडलेले स्वप्न किंवा मद्याच्या धुंदीतला भास म्हणून दाखवावा आणि बाकीचा पट पाचव्या-सहाव्या शतकातल्या ‘खऱ्या’ ब्रिटनमध्ये ठेवावा. दुसऱ्या गटाला, ज्यात मीही आहे, हे मान्य नाही, परंतु विरोध कशाच्या आधारावर करावा हे आम्हाला नीट मांडता येत नाही. शिवाय पैशाचा प्रश्न आहेच: घोडा, चिलखते, दगडी गढी आणि बर्फ यांपैकी आमच्याकडे काहीही नाही. कथा ऐन हिवाळ्यात घडते आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

बखरींचा वाचक (नौपाडा)

ताई, पहिल्या गटाला एक प्रश्न विचारा: ‘खरा’ आर्थर म्हणजे नेमका कोणता?

आर्थरचे सविस्तर चरित्र प्रथम रचले ते जेफ्री ऑफ मॉनमथ या धर्मगुरूने, साधारण ११३६ च्या सुमारास, म्हणजे कथेतल्या काळानंतर सहाशे वर्षांनी. त्यात आर्थरच्या सरदारांचे प्रसिद्ध गोलमेज नाही. ते वास या नॉर्मन कवीने ११५५ मध्ये आणले. लान्सलॉट या सरदाराचे आर्थरच्या राणीवरील प्रेम आणि ग्रेल या पवित्र पात्राचा शोध हे दोन्ही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीकडून आले. पुढे टॉमस मॅलरीने हे सगळे एकत्र गुंफले आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये ते छापले. प्रत्येकाने आर्थरला आपल्या काळाचे कपडे, आपल्या काळाचे किल्ले आणि आपल्या काळातली सभ्यता दिली. तुमचा गॉवेनकर्ता कवी तर निनावीच आहे, आणि त्याच्या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, जी १७३१ साली ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीतून वाचली. या थरांपैकी सर्वांत खालचा थर उकरून काढला तर हाती राजा लागत नाही, नुसती माती लागते.

पडद्यावर हा प्रयोग होऊन गेला आहे. २००४ च्या ‘किंग आर्थर’ने दंतकथेमागची सत्यकथा सांगण्याचा दावा केला, आर्थरला रोमन सैन्यातला अधिकारी केले, त्याच्या सरदारांना सार्मेशियन या भटक्या जमातीचे घोडेस्वार केले, ब्रिटनमधल्या रोमन काळच्या हेड्रियनच्या भिंतीची मोठी प्रतिकृती आयर्लंडमध्ये बांधली आणि जादू जवळजवळ पुसून टाकली. जे उरले तो बऱ्यापैकी चांगला युद्धपट होता, पण त्यात नावे बदलली असती तरी काही अडले नसते. याउलट जॉन बूरमन यांच्या १९८१ च्या ‘एक्सकॅलिबर’मध्ये सरदार पंधराव्या शतकातली लखलखीत पत्र्याची चिलखते घालून जेवायला बसतात, काळाच्या दृष्टीने ते सपशेल चुकीचे आहे, आणि तरीही प्रेक्षक पहिल्या प्रसंगापासून त्या जगात शिरतो, कारण त्या जगाला स्वतःचा कायदा आहे आणि तो कुठेही ढिला पडत नाही.

प्रेक्षकाला पटणार नाही या म्हणण्याबद्दल मला विशेष नवल वाटते. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे पडले तेव्हा शिर तुटल्यावरही त्यांचे धड लढत राहिले, ही आख्यायिका आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. कोंढाण्याचा कडा घोरपडीच्या साहाय्याने चढल्याची गोष्ट इतिहासाचे अभ्यासक मान्य करत नाहीत, तरी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती घोरपड आहे आणि श्रोते तिची वाट पाहतात. अशा श्रोत्यांच्या वंशजांना बोलणारे शिर जड जाईल, हे मला मान्य नाही. त्यांना जड जाईल ते स्वप्नाचे स्पष्टीकरण, कारण शिर तुटणे हे स्वप्न असेल तर वर्षभराने मान देण्याचे वचनही स्वप्नातच दिलेले ठरते, आणि मग गॉवेन थंडीवाऱ्यात घराबाहेर पडतोच कशाला?

तिसरी घंटा (नेरूळ)

वरील शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. स्वप्नात दिलेले वचन पाळण्यासाठी राज्य सोडणारा राजा आपल्याकडे आहे, आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढला तो त्याच राजावर. हरिश्चंद्राने स्वप्नातला शब्द का पाळावा, असे तेव्हा कोणी विचारले नाही आणि आजही विचारत नाही.

तथापि निष्कर्षाशी मी सहमत आहे. चमत्कार स्वप्नात घडतो की जागेपणी हा मुद्दा दुय्यम आहे. दिलेला शब्द बांधून ठेवतो की नाही, यावर ही कथा उभी आहे. लघुपटात एखादे पात्र जरी ‘जाऊ दे रे, तो थोडाच शोधायला येणार आहे’ असे म्हणाले आणि प्रेक्षकाला ते पटले, तर पुढची १५ मिनिटे वाया जातील.

मांडणीसंबंधी एक सुचवतो. एरिक रोमर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७८ मध्ये क्रेतियाँच्याच पर्सिव्हल या सरदाराच्या कथेवर चित्रपट केला तो संपूर्ण स्टुडिओत, धातूची शोभेची झाडे आणि रंगवलेला किल्ला उभारून. गाणाऱ्यांचा एक ताफा कथा पुढे नेतो आणि पात्रे मधूनच स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलतात. आपल्याकडे शाहीर आणि त्याचे झीलकरी हेच काम कित्येक पिढ्या करत आले आहेत. ‘मग गॉवेन उठला, म्हणाला मामासाहेब’ असे डफावर गाऊन झाले की दालन दगडी आहे की प्लायवूडचे, हे कोणी पाहत बसत नाही. तुमचे नट रंगभूमीवरचे आहेत, तेव्हा त्यांना वास्तववादी कुजबुज करायला लावण्यापेक्षा ही वाट सरळ आहे. गढीसाठी एखाद्या खऱ्या किल्ल्याचा मोह होईल, परंतु संरक्षित वास्तूत चित्रीकरण करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती हातात पडेपर्यंत मंडळातील निम्मे लोक नोकरीच्या पाळ्यांत अडकलेले असतील.

आवाजाचा माणूस (वाशी)

घोडा आणि चिलखत, एवढ्यापुरतेच लिहितो.

१९७५ मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूने होली ग्रेलवर विनोदी चित्रपट केला तेव्हा घोड्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून नोकर नारळाच्या करवंट्या वाजवत मागून धावतो. किल्ल्यांची परवानगी ऐनवेळी नाकारली गेली, तेव्हा स्कॉटलंडमधला डून हा एकच किल्ला निरनिराळ्या कोनांतून चित्रित करून त्यांनी अनेक किल्ल्यांचे काम भागवले. कड्यांची चिलखते लोकरीची विणलेली होती आणि त्यांवर चंदेरी रंग फवारला होता. तो विनोदी चित्रपट होता म्हणून ते खपले असे कोणी म्हणेल, पण त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी लान्सलॉटवर अत्यंत गंभीर चित्रपट केला आणि त्यातले द्वंद्वयुद्धाचे मैदान मुख्यतः घोड्यांचे पाय, भाल्यांची टोके, वर चढणारी निशाणे आणि आवाज एवढ्यावर उभे केले. त्यांचे सरदार तंबूत हळू बोलत असतानाही अंगावरचा पत्रा खणखणतो, आणि त्या आवाजानेच त्यांचे थकलेपण कळते.

तुम्ही चिलखत कमी दाखवा आणि जास्त ऐकवा. भाड्याच्या ड्रेपरीतली चिलखते पातळ पत्र्याची किंवा फोमची असतात आणि कॅमेऱ्यासमोर त्यांचा आवाज डब्यासारखा येतो किंवा येतच नाही. आम्ही एका नाटकासाठी जुन्या झोपाळ्याच्या पितळी कड्या गोणपाटाच्या पिशवीत सैल भरल्या, ती पिशवी चालणाऱ्याच्या कमरेला बांधली आणि माइक गुडघ्याच्या उंचीवर धरला. गोणपाटामुळे खणखणाटाची धार बोथट होते आणि वजन ऐकू येते. पावलागणिक आधी एक दबका ठोका आणि मागून कड्यांची सरसर, असा तो आवाज होता. नुसत्या कड्या हलवल्या तर पैंजण वाटतात.

घोडा आणायचाच असेल तर वरातीचा घोडा स्वस्त पडेल, या समजुतीत राहू नका. तो बँडला सरावलेला असतो, दिव्यांच्या झोतात कुऱ्हाड घेऊन ओरडणाऱ्या माणसाला नाही. त्यातून पुढे लघुपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र घ्यायचे झाले, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगीही दाखवावी लागेल.

येऊरवाटा (ठाणे)

आतापर्यंत बर्फाबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि माझ्या मते तुमच्या लघुपटाचा खरा पेच तिथेच आहे.

सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाईन यांनी १९३८ मध्ये ‘अलेक्झांडर नेव्हस्की’तली गोठलेल्या सरोवरावरची लढाई भर उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून चित्रित केली, आणि ती आजही नमुना म्हणून शिकवली जाते. पण त्यांच्या पाठीशी सरकारी स्टुडिओ होता. तुम्ही कापूस आणि थर्माकोल पसरलात तर शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाताळ दिसेल. म्हणून बर्फ कशासाठी आहे, हे आधी पाहावे. काव्यात हिरवा सरदार येतो तो अशा दिवसांत, जेव्हा बाहेर सगळे मेलेले असते: झाडे उघडी, जमीन गोठलेली. त्या मेलेल्या ऋतूत एक जिवंत हिरवा रंग दाराने आत येतो, आणि त्याच्या हातात असते ती हॉलीची डहाळी, जी इतर झाडे उघडी पडतात तेव्हाच सर्वांत हिरवी दिसते. भीती त्या विरोधाची आहे. थंडी नसली तरी चालेल, मेलेला ऋतू मात्र हवा.

आपल्याकडे तो ऋतू वैशाख आहे. पावसाळ्यात येऊरला चित्रीकरण करावे असे तुमच्यातील कोणीतरी नक्की सुचवले असेल, कारण तेव्हा धुके असते, ओहोळ वाहतात आणि छायाचित्रे सुंदर येतात. तसे मुळीच करू नका. श्रावणात येऊरच्या रानात हिरवा माणूस उभा केला तर तो दिसणारच नाही. त्याऐवजी एप्रिल-मे मधले सागाचे रान पाहा. साग पूर्ण भुंडा असतो, खोडे राखाडी, खाली पानांचा घोट्यापर्यंत थर, आणि तो इतका वाळलेला की माणूस दिसण्याच्या बराच आधी त्याची चाहूल लागते. गवत भाजून फिकट सोनेरी झालेले असते, दुपारी पाखरूही बोलत नाही आणि उजेड इतका पांढरा असतो की रंग उडून जातात. त्यात डोक्यापासून टाचेपर्यंत हिरवा असलेला एक माणूस उभा राहिला, तर बर्फाची उणीव कोणाला भासणार नाही. नववर्षाचा मुहूर्तही आपोआप साधतो. दरबार पाडव्याला भरवा, डहाळी कडुनिंबाची घ्या.

येथे एक अडचण मीच सांगून ठेवतो. पाडव्याच्या सुमारास चैत्रपालवी फुटलेली असते, पिंपळ तांबूस, करंज कोवळा हिरवा, कुसुंब तर लालभडक, त्यामुळे मिश्र जंगलात रंगांची गर्दी होते. म्हणून केवळ सागाचा पट्टा शोधावा, कारण सागाला पालवी उशिरा येते. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येणार नाही. मुरबाड-शहापूरकडे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकीचा साग मिळाला तर उत्तम.

आणखी एक. काव्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी कवी वर्ष कसे फिरते ते सांगतो: थंडी सरते, सरी येतात, फुले उमलतात, धान्य पिकते, पाने गळतात, आणि गॉवेनला आठवते की आपला दिवस जवळ आला. मोठ्या चित्रपटांना हे दाखवायला खर्च येतो, कारण त्यांचे युनिट वर्षभर थांबत नाही. तुम्ही इथेच राहता. त्याच सागाच्या पट्ट्यात एका दगडावर खूण करा आणि जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशा चार वेळा त्याच उंचीवर, त्याच भिंगाने एकेक मिनिट चित्रित करून या. जुलैत हिरवे रान पाहताना प्रेक्षकाला सरदार आठवेल, तो दिसत नसला तरी.

कथेकरीण (ठाणे पश्चिम)

सर्वांचे मनापासून आभार. शाहिराची योजना आणि वैशाखातला साग या दोन्ही गोष्टी मी मंडळापुढे मांडल्या. स्वप्नवादी गटातील दोघे अजून हटून बसले आहेत, परंतु चित्रीकरण एप्रिलमध्ये करण्यास आणि जुलैपासूनच वर्षाची दृश्ये गोळा करण्यास सर्वांनी मान्यता दिली. स्वप्नवाद्यांचा उरलेला आक्षेप तांत्रिक आहे: शिर उचलण्याचा आणि बोलण्याचा प्रसंग हिरव्या पडद्यासमोर करून संगणकावर जोडावा लागेल, आणि तो हास्यास्पद दिसेल. यावर काही उपाय आहे का?

आवाजाचा माणूस (वाशी)

हिरवा पडदा तर तुम्हाला वापरताच येणार नाही. क्रोमाच्या पद्धतीत पडद्याचा रंग संगणक पुसून टाकतो. तुमच्या सरदाराची कातडी, दाढी आणि अंगरखा सगळेच हिरवे, म्हणजे पडद्याबरोबर तोही जाईल. निळे कापड घ्यावे लागेल, आणि मग त्या दृश्यात दुसरे काहीही निळे नको. कापड नटापासून सहा-आठ फूट मागे ताणून लावा आणि त्याला वेगळा, सारखा उजेड द्या, नाहीतर निळी झाक हिरव्या दाढीच्या कडांवर उतरते आणि कडा करवतीने कापल्यासारख्या दिसतात.

पण मला वाटते तुम्हाला याची फारशी गरजच पडणार नाही. मूळ काव्यात शिर जमिनीवर घरंगळते आणि दरबारी लोक ते पायांनी ढकलतात. कॅमेरा मेजाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा. घाव पडदाभर न दाखवता फक्त ऐकवा. मग पायांच्या गर्दीत काहीतरी घरंगळत येते, एक जोडा ते दूर लोटतो, दुसरा घाबरून मागे सरकतो, आणि हिरवे पाय शांतपणे चालत येऊन थांबतात. एक हिरवा हात खाली येतो, केस मुठीत धरतो आणि शिर चौकटीबाहेर वर नेतो. एवढ्याला कागदाच्या लगद्याचे, केस लावलेले डोके पुरते, कारण ते क्षणभरच दिसते.

त्यानंतर एकच जवळचे दृश्य लागेल. नटाला काळ्या पडद्यामागे बसवून पडद्याच्या चिरेतून फक्त चेहरा बाहेर काढा, हनुवटीखाली काळे मखमली कापड बांधा, आणि दुसऱ्या माणसाचा हिरवा हात वरून त्याच्या केसांत धरवा. दालन काळोखे आणि दिवा एका बाजूने असेल तर संगणकाचा संबंधच येत नाही. हात किंचित थरथरला पाहिजे, कारण माणसाच्या डोक्याचे वजन चार-साडेचार किलो असते आणि ते ताठ हाताने धरून ठेवणे सोपे नाही. त्यासाठी हात धरणाऱ्याच्या मनगटाला कॅमेऱ्याबाहेरून वाळूची पिशवी लटकवा. काव्यात ते शिर आधी पापण्या उघडते आणि मग बोलते, तो क्रम पाळा. बोलणे शाहिराच्या तोंडी देऊ नका, त्याच नटाच्या आवाजात ठेवा, आणि संवाद नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करणार असाल तर त्याला घुमारा मुळीच देऊ नका. दरबारातल्या इतर माणसांचा आवाज जसा येतो तसाच त्याचा यायला हवा.